मासे मध्ये येतात

"डावीकडं... आणखी डावीकडं... थांबव! लागली फलाटाला!"

आप्पांनी आरोळी ठोकली आणि मी नवा दिवा माशांच्या टाकीवर टेकवला. त्यांच्या आवाजाने स्टूल हललं. खरं तर स्टूल बाबांनी धरलं होतं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते दिव्याच्या खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा वाचत होते.

"जुन्यापेक्षा कमी वीज ओढतो ना नक्की?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कमी ओढतो आणि जास्त उजळतो, बाबा. आदर्श नागरिकाने याच्याकडून शिकावं..."

"भाषण नको. बटण दाब."

मी बटण दाबलं, आणि आमच्या हॉलमध्ये दुपार झाली.

दुपार तशी बाहेर होतीच, पण ती आमच्या हॉलमध्ये कधी येत नसे. आम्ही कराडात तळमजल्यावर राहतो. हॉलला खिडकी आहे, पण ती उघडली की समोर 'गुरुप्रसाद' बिल्डिंगची भिंत, इतकी जवळ की घरातूनच तिच्यावर खिळा ठोकता येईल. भरदिवसा आमच्याकडून जाताना पाहुणे दुसऱ्याच्या चपला घालून जातात. भिंतीवर एक ट्यूबलाइट होती, पण ती दिवसा लावायची बंदी आणि संध्याकाळी लावली तरी कुरकुरत लागायची. बाबा वीज कंपनीच्या ऑफिसात बिलांच्या तक्रारी ऐकायला बसतात. दिवसभर लोक खिडकीशी येऊन सांगतात, "साहेब, आमच्यात तर काहीच वापर नाही, तरी एवढं बिल?" ते ऐकून ऐकून बाबांनी ठरवलं असावं, की गावात निदान एक घर तरी असं हवं, जिथे खरंच काही वापर नाही. ते म्हणजे आमचं.

तर त्या काळोख्या हॉलमध्ये हा दिवा लागला. टाकीतलं एकेक पान वेगळं दिसायला लागलं. गप्पी माशांच्या शेपट्यांमध्ये केशरी रंग आहे हे मला वर्षभराने कळलं. आई झारा हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, टाकीकडे न बघता छताकडे बघत म्हणाली, "अगंबाई! एवढं जाळं होतं कोपऱ्यात?"

आप्पांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. "प्रवाशांनी लक्ष द्या! पाटण, विटा आणि चिपळूण स्पष्ट दिसायला लागल्या आहेत!"

आप्पा म्हणजे माझे आजोबा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सारी हयात स्टँडवर माइकपुढे गेली. रिटायर झाले तेव्हा माइक तिथेच राहिला आणि आवाज घरी आला. पाटण, विटा, चिपळूण ही आमच्या माशांची नावं. दिवसभर काचेला चिकटून बसणाऱ्या काळ्या सकर माशाचं नाव त्यांनी 'विनाथांबा' ठेवलं होतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, तेव्हा आठवीत होते आणि नुकतीच बोलायला लागले होते.

म्हणजे मला वाचा होती. पण वर्गात हजेरीला मी 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी मांडायच्या आणि मी तीही मुकाट्याने मान्य करायचे. मग मामाची बदली रत्नागिरीला झाली आणि त्याची टाकी आमच्याकडे आली. घरी कुणी नसलं की मी तिच्यासमोर बसून बोलायचे. माशांचा मोठा गुण हा, की आपण अडखळलो तर ते हसत नाहीत. उलट तोंड सारखं हलवत राहतात, जणू पुढचा शब्द सुचवतायत. वक्तृत्व स्पर्धेचं अख्खं भाषण मी त्यांच्यासमोर पाठ केलं. स्टेजवर गेले तेव्हा समोर लोक नाहीतच, टाकी आहे, असं मनाशी म्हटलं आणि सुटले. तालुक्यात पहिली! ढाल मिळाली, ती अजून टीव्हीवर आहे.

त्यानंतर मात्र मला कुणी थांबवू शकलं नाही. मी दूधवाल्याला पाणी घालण्याचे सामाजिक परिणाम सांगायचे. आई म्हणायची, "देवयानी, मीठ पुढे कर म्हटलं, मिठावर बोल नाही म्हटलं."

मामाने बक्षीस काय हवं विचारलं, तेव्हा मी टाकीसाठी दिवा मागितला. जुना दिवा पिवळा, आजाऱ्याच्या खोलीतल्यासारखा. त्याच्याखाली झाडं फिकट पडून नुसती लांब व्हायला लागली होती आणि कुजलेली पानं पाण्यात तरंगायची. माझ्या पहिल्या श्रोत्यांना मी असं राहू देणार नव्हते. आणि घाईचं दुसरंही एक कारण होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टर मोहिऱ्यांना त्यांच्या दवाखान्यात माशांची टाकी हवी होती. पेशंटचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून. ते जिन्यात भेटले की बाबांना विचारायचे, "काय नलवडे, कधी उचलू?"

दिवा बसवला त्याच दिवशी बाबांनी निकाल दिला. "हे बघ. दिवाळीला लोक फराळाला येतील. तेव्हा टाकीत मासे दिसले पाहिजेत. हल्ली दिसतो तो सगळा पाचोळा. नाही दिसले, तर भाऊबीज झाली की टाकी मोहिऱ्यांकडे."

"आणि दिसले तर?"

"तर ठेव. पण दिसले पाहिजेत."

"दिसतील!" मी ढालीकडे बघून म्हणाले.

मी सगळं वाचून ठेवलं होतं. झाडांना जोरदार उजेड लागतो, पण ठरावीक वेळ. जास्त झाला की झाडांऐवजी शेवाळ माजतं. म्हणून दिव्याच्या प्लगला मी टायमर लावला. दुपारी जेवणं झाली की दिवा आपोआप लागणार, संध्याकाळी आपोआप बंद होणार. टायमरच्या कडेला एक छोटं बटण असतं, ते सरकवलं की टायमर बाजूला राहून दिवा सरळ चालू होतो. ते मी सगळ्यांना दाखवलं आणि ठणकावलं, "या बटणाला कुणीही, कधीही हात लावायचा नाही. झाडांचं आयुष्य यावर अवलंबून आहे."

"नाही बाई," आई म्हणाली.

"छे छे," आप्पा म्हणाले.

"वीज जाळायची हौस मला नाही," बाबा म्हणाले.

पहिल्या आठवड्यात तर चमत्कारच झाला. झाडांना नवी, पोपटी पानं फुटली. चिपळूण गाभण राहिली. मी शाळेतून येऊन बाकी कुणाला नाही तरी टाकीला रोज शाबासकी द्यायचे.

मग एक दिवस पाणी किंचित हिरवं वाटलं. मला वाटलं पानांचं प्रतिबिंब असेल. दोन दिवसांनी ते उसाच्या रसासारखं झालं.

मी बाजारपेठेत मासेवाल्या दुकानात गेले. तिथला दुकानदार कुठल्याही तक्रारीवर एकच निळी बाटली देतो. मासा सुस्त, निळी बाटली. मासा चपळ, निळी बाटली. मी सगळं नीट सांगितलं. त्याने मान डोलावली आणि निळी बाटली दिली. ती टाकल्यावर पाणी काही दिवस मोरपंखी दिसलं आणि आप्पांनी घोषणा केली की गाडीला नवा रंग मारलाय. मग ते पुन्हा हिरवं झालं, आधीपेक्षा दाट.

मी शोध सुरू केला. माशांना खाणं जास्त होतंय का? कमी केलं. पाणी शिळं होतंय का? बादल्या भरभरून बदललं. ऊन पडतंय का? आमच्या हॉलमध्ये ऊन? मला माझंच हसू आलं. एकदा पाण्यावर तांदळाचे दोन दाणे तरंगताना दिसले. म्हटलं, आप्पा लाडाने घालत असतील. आणि एका रविवारी, खो-खोची प्रॅक्टिस करून आले, तर पाण्याच्या वर बारीक बारीक काळे केस! हाताला चिकटणारे, आखूड, राठ.

मी पुस्तक काढलं. सापडलं! एका जातीच्या शेवाळाला काळ्या दाढीसारखे केसच फुटतात. फार चिवट, फार घातक. जेवायला बसल्यावर मी उभी राहिले.

"घरातल्या सर्वांनी ऐका. टाकीत दाढीशेवाळ शिरलं आहे."

"कसलं?" बाबांचा घास हातात थांबला.

"दाढीशेवाळ. काळं, केसाळ. हे एकदा घुसलं की सगळं गिळतं. ते आलं कुठून हे शोधल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!"

बाबांना एकदम ठसका लागला. आईने पाठ थोपटली. ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "एवढं काही नसेल गं घातक."

"तुम्हाला शेवाळातलं काय कळतं, बाबा?"

"ते पण खरंच," ते म्हणाले आणि ताक प्यायला लागले.

मग मी शेवटचा उपाय केला. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, हिरवं पाणी म्हणजे जास्त उजेड. मी टायमरची वेळ कमी केली. तरी पाणी दाट झालं. आणखी कमी केली. आणखी दाट झालं. मी दिवा जितका कमी करत होते, तितकं ते हिरवं वाढत होतं. हे विज्ञानाच्या विरुद्ध होतं! मी शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मग तुझं मोजणं चुकत असेल." माझं मोजणं! मी रोज टायमर तपासत होते. बटण रोज जिथल्या तिथे होतं.

दिवाळी आली. टाकीत आता पाणी नव्हतंच, हिरवा रंग होता. विनाथांबा काचेला चिकटलेला असायचा म्हणून तेवढा दिसायचा, बाकीचे कधीतरी चुकून काचेजवळ आले तर. पहिल्या फराळाला मावशी आली. लाडू हातात घेऊन टाकीसमोर वाकली. "रंजे, एवढी पुदिन्याची चटणी कशाला गं केलीस?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ते ओरडले असते तर मी वाद घातला असता.

भाऊबीजेला मामा आला, त्याला आईने ओवाळलं तेव्हा त्याने मला विचारलं, "दिवा कसाय?" मी म्हटलं, "छान." त्याने टाकीकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री मी भाषण लिहिलं. बाबांपुढे करायचं. 'मुदतवाढ : एक न्याय्य मागणी' असं नाव होतं. पाठ केलं, माशांसमोरच. ते दिसत नव्हते, पण असतील ऐकत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मोहिरे मोजायचा टेप घेऊन हजर झाले.

"काय देवयानी, तयार का? मी स्टँड करून घेतलाय, लोखंडी, मस्त." ते टाकीजवळ गेले, वाकले, चष्मा काढला, पुन्हा लावला. "मासे आहेत ना आत?"

"आहेत," आप्पा म्हणाले. "गर्दीत दिसत न्हाईत."

"असू दे. मी दवाखान्यात नेऊन साफ करून घेईन. सगळे मिळून पाणी उपसू." त्यांनी टेप लावला. लांबी मोजली. रुंदी मोजली.

बाबा म्हणाले, "देवयानी, तुला काही बोलायचंय?"

मी उभी राहिले. भाषण पहिल्या शब्दापासून आठवत होतं. तोंड उघडलं. आणि काही आलं नाही. एक शब्दही नाही. मी त्यांच्याकडे न बघता टाकीकडे बघितलं, सवयीने. त्या हिरव्यातून एक गप्पी काचेपर्यंत आली. पाटण होती बहुतेक. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मग ती मागे फिरली आणि दिसेनाशी झाली. मी खाली बसले.

हजेरीला बसायचे तशी.

"बरं मग," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दिव्याची वायर गुंडाळायला घेतली. "हा दिवा पण टाकीबरोबरच ना?"

"दिवा?" आई म्हणाली. "दिवा कशाला?"

"अहो वहिनी, दिव्याशिवाय टाकीत दिसणार काय?"

"आत्ता तरी काय दिसतंय? टाकी न्या हवी तर. दिवा राहू दे."

सगळे आईकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "तुला कशाला गं दिवा?"

आईने पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. "तांदूळ निवडायला."

"काय?"

"काय काय? ही शाळेत गेली की मी बसते इथं ताट घेऊन. स्वयंपाकघरात मला खडा दिसत नाही. गेल्या वर्षी आप्पांचा दात मोडला तो कशानं? त्या खड्यानंच ना? डॉक्टर, तुम्हीच काढलात. या दिव्याखाली कसा, बारीक पांढरा खडासुद्धा लख्ख दिसतो. उठताना बटण जागेवर ठेवते की मी!"

माझ्या डोळ्यांसमोर तांदळाचे दोन दाणे तरंगून गेले.

"आई," मी म्हणाले, "तू? रोज?"

"रोज कुठं? गहू असले तर दोनदा."

"थांबा, थांबा," आप्पा उठले. "हा दिवा गेला तर पहाटंचा पेपर मी कशाखाली वाचायचा? पहाटं ट्यूब लावली तर हा विलास आतून वरडतो. ह्या दिव्याला आवाज न्हाई का काय न्हाई. मी दिवा लावतो, पेपर संपवतो, निधनवार्तांसकट, आणि ही देवी उठायच्या आत बटण जिथल्या तिथं. स्टँडवर चाळीस वर्सं काढलीत, वेळापत्रक मला शिकवू नका."

"आप्पा!"

"आता आप्पा काय? तुझ्या झाडांना पण बातम्या कळतात."

आता उरले बाबा. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो, आणि टेप हातात धरून डॉक्टरही. बाबांनी आधी पंख्याकडे बघितलं. मग ट्यूबलाइटकडे. मग त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

मी किंचाळले. "दाढीशेवाळ!"

"रविवारीच फक्त," बाबा पटकन म्हणाले. "तू खो-खोला गेलीस की. बाथरूमच्या दिव्यात दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. लोक खिडकीशी येतात, त्यांना माझी मिशीच दिसते आधी. वाकडी असली की बिलही वाकडं वाटतं त्यांना."

"मी पुस्तक उघडून सगळ्यांसमोर सांगत होते आणि तुम्ही ताक पीत होतात!"

"मग काय सांगू, की ते शेवाळ माझंय?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. पण हसता हसता थांबली आणि म्हणाली, "अहो, पण रविवार सोडून? संध्याकाळी मी देवळातनं येते तेव्हा हा दिवा लागलेलाच असतो. मला वाटायचं हिचा टायमर. आणि टायमर तर ही कमी कमी करत चाललेली. कोण लावतं?"

"मी न्हाई," आप्पा म्हणाले. "मी तवा कट्ट्यावर असतो."

मी तर त्या वेळी क्लासला असायचे.

बाबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज खिडकीतल्या साहेबाचा नव्हता.

"ऑफिसातनं येतो मी. दिवेलागणीची वेळ. कुलूप काढून आत पाऊल टाकतो, तर घरात कुणी नाही, आणि हा एक दिवा चालू असतो. बरं वाटतं. तर नेमकं माझ्या डोळ्यांसमोर टिक करून तो विझतो. ऐन तिन्हीसांजेला! माझी आई असती तर तिने ते यंत्र उचलून कोयनेत फेकलं असतं. तिन्हीसांजेला घरात दिवा लावतात, विझवतात का?" ते माझ्याकडे वळले. "म्हणून मी लावतो. परत. तू क्लासवरून येईपर्यंत राहतो. तुझी चाहूल लागली की बंद करतो."

"तुम्ही?" आईने विचारलं. "दिवसभर वीज वाचवा वीज वाचवा करणारे तुम्ही? आणि नुसता लावता, की नमस्कार पण करता?"

"लावल्यावर करायचाच असतो."

"माशांना?" आप्पांनी विचारलं.

"दिव्याला करतो, आप्पा. मासे मध्ये येतात."

डॉक्टर मोहिरे एवढे हसले की टेप सुटून सट्कन आपल्या डबीत गेला. मी मात्र मनात जुळवणी करत होते. पहाटे आप्पा. शाळेच्या वेळात आई. दुपारी टायमर, एकटा, प्रामाणिक. संध्याकाळी, मी क्लासवरून येईपर्यंत, बाबा. रविवारी मिशी जादा. मी टायमर कमी केला, तशी तिघांना दिव्याची चणचण जास्त भासली आणि त्यांनी बटण जास्त वेळा सरकवलं. आणि प्रत्येकाने ते अगदी शिस्तीत परत जागेवर ठेवलं. घर कसलं, चोरांची शाळा! माझ्या टाकीला धड रात्रच होत नव्हती.

आणि तेव्हा मला आवाज परत आला. भाषण नाही आलं. एवढंच आलं :

"बाबा, घराला दिवा नाही, म्हणून टाकीला अंधार नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने नुसतं बाबांकडे बघितलं, आणि आई तशी बघते तेव्हा वीज कंपनीचं काही चालत नाही.

"बिल येईल," बाबा पुटपुटले.

"येऊ दे," आई म्हणाली. "तुमच्याकडे तक्रार नोंदवायला येईन मी खिडकीवर. रांगेत उभी राहीन."

"पण मासे दिसत नाहीत हे तर खरं ना? ठरलं होतं."

"ठरलं होतं तेव्हा तुमची मिशी त्यात धरली नव्हती," आई म्हणाली.

डॉक्टरांनी टेप खिशात टाकला. "नलवडे, मला टाकी नको. तुम्ही चौघंच माझ्या वेटिंग रूममध्ये येऊन रोज तासभर भांडा. पेशंट दुखणं विसरतील." आईने त्यांच्यापुढे चकल्यांची ताटली केली. त्यांनी एक तोडली, कडाक्कन आवाज आला, आणि ते समाधानाने म्हणाले, "वहिनी, असल्या चकल्या करत राहा. आमचा दवाखाना यांच्यावरच चालतो."

त्याच आठवड्यात बाबांनी हॉलच्या छताला दिवा लावला. लांबलचक, पांढरा, मोठा. स्टूलवर तेच चढले आणि स्टूल मी धरलं. आप्पांनी फलाट दाखवला. बाबांनी बटण दाबलं, सगळीकडे बघितलं आणि पहिल्यांदा बोलले ते हे : "हा रंग कुणी दिला होता भिंतीला?"

टाकीवर आम्ही आप्पांची जाड वाकळ टाकली, चारही बाजूंनी. हिरवं पाणी जायचं असेल तर काही दिवस पूर्ण अंधार हवा. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "गाडी डेपोत आहे." रोज सकाळी एकदा वाकळ उचलून मासे बघायची सगळ्यांना घाई. मी उचलू दिली नाही. कुणी चोरून उचलली असेल तर मला माहीत नाही, आणि आमच्या घरात ते कळायला मार्गही नाही.

वाकळ काढली तो रविवार होता. पाणी अर्धं बदललं, काचा पुसल्या, आणि मी बाजूला झाले.

आत पाणी आहे असं वाटतच नव्हतं. मासे हवेत तरंगत होते. पाटण, विटा, चिपळूण, आणि चिपळूणच्या मागून टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं, जी या सगळ्या गोंधळात कधी जन्मली कुणालाच कळलं नव्हतं. आप्पांनी त्यांच्या नावांची यादी तिथल्या तिथे सुरू केली. बाबांनी खुर्ची ओढली. आई हात पुसत आली आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

दुपार झाली. टायमर टिक करून वाजला आणि टाकीवरचा दिवा आपोआप लागला. आम्ही चौघं नुसते बघत बसलो, किती वेळ कुणास ठाऊक.

मग एका पानाच्या कडेवर एक चमकता ठिपका आला. बारीक, चांदीचा. त्याच्याशेजारी दुसरा. मग सगळ्या पानांवर. आणि एकेक ठिपका सुटून, माळेसारखा, सरळ रेषेत वर जायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. मी हे फक्त वाचलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. उजेड पुरेसा मिळाला की पाण्यातली झाडं अशी...

"विलास!" आप्पांनी स्टँड हादरेल अशी आरोळी ठोकली. "पाणी उकळाया लागलं!"

"अगंबाई, पिल्लं!" आई ओरडली.

आणि महिनाभर ज्या तिघांना हा दिवा बंद ठेवणं जमलं नव्हतं, ते तिघं एकदम भिंतीवरच्या प्लगच्या बटणावर तुटून पडले. बाबांचा हात आधी पोचला. टाकी अंधारली.

"शिजले असते!" बाबा धापा टाकत म्हणाले. "फार जोरदार आहे हा दिवा!"

मी हसत हसत खाली बसले. मग उठून तिघांची बोटं धरून एकेक करून पाण्यात बुडवली. "गार आहे ना? सांगा, गार आहे की नाही?"

"गार तर हाय," आप्पा म्हणाले. "मग बुडबुडे कसले?"

"उजेड मिळाला की झाडं आपलं अन्न स्वतः तयार करतात, आप्पा. ती मजेत असली की असे बुडबुडे येतात."

आप्पांनी विचार केला. "म्हंजे ढेकर."

"हो. ढेकरच म्हणा."

बाबांचं बोट अजून पाण्यात होतं. एक पिल्लू येऊन त्या बोटाला टोचत होतं आणि ते बोट काढत नव्हते. तसंच अंधाऱ्या टाकीकडे बघत ते म्हणाले, "मग लाव की गं तो दिवा. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये."